दातांवरील धातू : त्यांची घटना, त्यांचे ओतकाम आणि वैद्याचा त्यांच्याशी संबंध

सुश्रुताचार्यांनी निदानस्थानात ओष्ठ, दंतमूल, दंत, जिव्हा, तालु, कंठ आणि सर्वसर अशा सात अधिष्ठानांच्या आश्रयाने ६५ मुखरोग सांगितले आहेत. या ६५ व्याधींमध्ये मानवी हाताने मुखात बसविलेल्या धातूमुळे उद्भवणारा व्याधी नाही आणि तो असण्याचे कारणही नव्हते. वाग्भटाचार्यांनी कृमिदंताच्या चिकित्सेत दाताची पोकळी गुळाने अथवा मेणाने भरून दहनकर्म करण्यास सांगितले आहे. परंतु तेथे भरलेले द्रव्य दातात वर्षानुवर्षे राहावे हा हेतू नाही. आज मात्र चाळिशी उलटलेल्या दहा रुग्णांची मुखे उघडून पाहिली, तर त्यांपैकी अनेकांत एखादी ‘चांदी’, एखादी ‘कॅप’ किंवा तारेची कवळी आढळते. आपण जिव्हेचे सामत्व पाहतो, हिरड्यांचा वर्ण पाहतो आणि या धातूंवरून मात्र दृष्टी पुढे नेतो. तो दंतशल्यचिकित्सकाचा प्रांत आहे, अशी आपली समजूत असते.

ही समजूत अर्धीच खरी आहे, असे आमचे मत आहे. धातू बसविणे आणि काढणे हा प्रांत निश्चितच त्यांचा आहे. परंतु त्या धातूच्या सान्निध्यात जो मुखपाक, जो दाह, जी रसविकृती निर्माण होते, ती घेऊन रुग्ण पुष्कळदा प्रथम आपल्या दारी येतो, किंवा औषधालयात जाऊन मंजन आणि गंडूषाचे औषध मागतो. शिवाय धातूंची पारख, त्यांचे शोधन, मूषा आणि अग्नी यांचा विचार ज्यांच्या शास्त्राचे एक संपूर्ण अंग आहे, त्यांनी तरी मुखातील धातूबाबत अनभिज्ञ राहू नये.

नाव एक, घटना दुसरी

या विषयातील पहिली अडचण शब्दांची आहे. रुग्ण सांगतो, “दाढेत चांदी भरली आहे.” वैद्यही प्रकृतिपत्रकावर ‘रौप्यपूरण’ असे लिहून मोकळा होतो. प्रत्यक्षात या पूरणात पारदाचे प्रमाण वजनाने ४२ ते ५० टक्के असते आणि उरलेल्या भागात रौप्य, वंग व ताम्र असतात. काही चूर्णांत अल्प प्रमाणात यशदही असते. म्हणजे ज्याला आपण चांदी म्हणतो, त्यात सर्वाधिक वाटा बहुधा पारदाचा असतो.

दुसरा शब्द ‘सिरॅमिकची कॅप’. दिसते पांढरी, म्हणून रुग्ण ती चिनी मातीची समजतो. पण गेल्या काही दशकांत आपल्याकडे बसविलेल्या अशा कॅपांपैकी पुष्कळशा कॅपांच्या आत धातूचे पातळ टोपण असते आणि त्यावर सिरॅमिकचा थर भाजून चढविलेला असतो. हे टोपण स्वस्त कामात बहुधा निकेल व क्रोमियम यांच्या मिश्रधातूचे असते. त्यात निकेल साधारणतः ६० ते ८० टक्के असते. हिरडीलगत जी निळसर-काळी रेषा दिसते, ती या आतल्या धातूची कड होय. पूर्णतः झिरकोनियाची किंवा पूर्णतः सिरॅमिकची कॅप ही वेगळी वस्तू आहे. पण दोहोंनाही रुग्ण एकच नाव देतो.

तिसरा शब्द ‘सोन्याची कॅप’. शुद्ध सुवर्ण इतके मृदू असते की चर्वणाच्या भाराखाली ते टिकत नाही. (शुद्ध सुवर्णाचे वर्ख थंड अवस्थेतच ठोकून दातात भरण्याची एक जुनी आणि अतिशय कष्टसाध्य पद्धती होती, तो अपवाद.) ओतून केलेल्या कॅपेसाठी पूर्वापार जो मिश्रधातू वापरला गेला, त्यात सुवर्ण सुमारे ७५ टक्के आणि उरलेले रौप्य, ताम्र, थोडे पॅलेडियम व किंचित यशद अशी घटना असते. ताम्राने काठिण्य येते, रौप्याने ताम्राची लाली कमी होते, पॅलेडियमने काळवंडण्यास प्रतिबंध होतो आणि यशद वितळताना प्राणवायू शोषून घेऊन इतर धातूंचे रक्षण करते. अमेरिकन डेंटल असोसिएशनने १९८४ साली केलेल्या वर्गीकरणानुसार ज्यात सुवर्ण, प्लॅटिनम व पॅलेडियम गटातील धातू मिळून किमान ६० टक्के आणि त्यात सुवर्ण किमान ४० टक्के, तो उच्च श्रेष्ठ मिश्रधातू; श्रेष्ठ धातू किमान २५ टक्के असतील तर तो श्रेष्ठ; आणि त्याहून कमी असतील तर तो हीन मिश्रधातू. ‘हीन’ हा शब्द येथे गुणवत्तेचा निवाडा नाही, रसायनशास्त्रातील संज्ञा आहे.

राहिला ‘स्टीलचा दात’. लहान मुलांच्या दाढांवर बसविलेले टोपण खरोखर पोलादाचे असते; ते ओतलेले नसून पत्र्यापासून दाबून घडविलेले असते. मोठ्या माणसाच्या काढघाल करावयाच्या कवळीचा चकचकीत सांगाडा मात्र बहुधा कोबाल्ट व क्रोमियमचा असतो. हा मिश्रधातू दंतकार्यात १९३०च्या दशकात रूढ झाला.

पारद : खलातला आणि दाढेतला

पारद व रौप्य यांच्या मिश्रणाने दात भरण्याचा उल्लेख चीनमधील तांग राजवटीतील इ. स. ६५९ च्या औषधिग्रंथात सापडतो. पाश्चात्त्य जगात ही पद्धती एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात फ्रान्समधून पसरली आणि १८३३ साली क्रॉकर बंधूंनी ती न्यूयॉर्कला नेली. तेथे तिच्यावरून एवढा कलह माजला की १८४० साली स्थापन झालेल्या अमेरिकेतील दंतशल्यचिकित्सकांच्या संस्थेने आपल्या सभासदांकडून पारदमिश्रण न वापरण्याची प्रतिज्ञा घेतली आणि त्याच वादाने क्षीण होऊन ती संस्था १८५६ साली विसर्जित झाली. पुढे १८९५च्या सुमारास जी. व्ही. ब्लॅक यांनी रौप्य आणि वंग यांचे प्रमाण प्रयोगांनी निश्चित केल्यावर हे पूरण आकुंचन वा प्रसरण न पावता टिकू लागले.

या पूरणाचे तत्त्व आपल्या निर्मात्यांना परके वाटू नये. पूर्णचंद्रोदय किंवा मकरध्वज करताना प्रथम सुवर्णाचे वर्ख पारदाबरोबर खलतात आणि लोण्यासारखी पिष्टी तयार होते. दंतचिकित्सकही पूर्वी काचेच्या लहान खलात रौप्यमिश्रधातूचे चूर्ण पारदाबरोबर घोटत आणि अधिकचा पारद फडक्यातून पिळून काढीत. साम्य येथेच संपते. आपण पुढे गंधक घालून कज्जली करतो आणि कूपीत पाक करतो. पारदाचे रूपांतर गंधकयुक्त संयुगात होते. दाढेतील पारद गंधकाशी नव्हे, तर रौप्य, वंग व ताम्र या धातूंशीच बद्ध असतो. हे बंधन बऱ्यापैकी दृढ आहे, परंतु चर्वणाने, उष्ण पेयाने आणि विशेषतः झोपेत दात खाण्याच्या सवयीने त्यातून अत्यल्प प्रमाणात पारदबाष्प सुटते. श्वासावाटे गेलेल्या बाष्पापैकी सुमारे ८० टक्के फुप्फुसात शोषले जाते, तर गिळला गेलेला धातुरूप पारद आतड्यात जवळजवळ शोषलाच जात नाही. म्हणून भरलेल्या ‘चांदी’चा तुकडा चुकून गिळला म्हणून घाबरून आलेल्या रुग्णाला धीर द्यावा, आणि जुनी चांदी यंत्राने घासून काढणे हे मात्र सहज करण्याचे काम मानू नये, कारण त्या घर्षणाच्या वेळीच बाष्प सर्वाधिक सुटते.

काही वैद्यमित्र प्रत्येक जीर्ण व्याधीचे खापर दाढेतील पारदावर फोडतात आणि रुग्णास सर्व चांदी काढून येण्यास सांगतात, हे आमच्या कानावर आले आहे. ज्यांच्या स्वतःच्या कपाटात रसकल्पांच्या बाटल्या आहेत, त्यांनी तरी असा सल्ला देताना थोडे थांबावे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२० साली जो निर्णय प्रसिद्ध केला तो समतोल आहे : गर्भिणी, गर्भधारणेची इच्छा असणाऱ्या स्त्रिया, स्तन्यदा माता, लहान मुले (विशेषतः सहा वर्षांखालील), मज्जासंस्थेचा किंवा वृक्कांचा व्याधी असणारे आणि पारदाची ज्ञात असात्म्यता असणारे यांच्यात नवे पारदपूरण शक्यतो टाळावे, परंतु सुस्थितीतील जुने पूरण वैद्यकीय कारणावाचून काढू नये. पर्यावरणाचा प्रश्न वेगळा आहे. पारदाविषयीचा मिनामाता करार २०१३ साली झाला, भारताने तो २०१८ साली अनुमोदिला. युरोपीय संघात १ जानेवारी २०२५ पासून अपवादात्मक वैद्यकीय गरज सोडून पारदपूरण बंद झाले आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये जिनिव्हा येथील बैठकीत करारबद्ध राष्ट्रांनी २०३४ पर्यंत त्याचा वापर संपविण्याचे ठरविले. म्हणजे नवी ‘चांदी’ हळूहळू दिसेनाशी होईल. पण आज जी मुखात आहे, ती आपल्या रुग्णांच्या सोबत आणखी कित्येक वर्षे राहणार आहे.

मधूच्छिष्टविधान आणि दंतप्रयोगशाळा

पारदपूरण हे ओतकाम नव्हे. कॅप, ब्रिज आणि कवळीचा सांगाडा यांची गोष्ट वेगळी. या वस्तू ओतल्या जातात आणि ज्या पद्धतीने ओतल्या जातात, ती आपल्या देशाला प्राचीन काळापासून परिचित आहे. मेणाची प्रतिकृती करावयाची, तिच्याभोवती मातीचा लेप द्यावयाचा, तापवून मेण काढून टाकावयाचे आणि त्या पोकळीत वितळलेला धातू ओतावयाचा. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या ग्रंथात मूर्तिकलेच्या संदर्भात हे मधूच्छिष्टविधान तपशिलाने आले आहे. त्यात मेणाचे वजन करून, रौप्य त्याच्या बारापट आणि सुवर्ण सोळापट घ्यावे असे प्रमाण दिले आहे. हा आकडा आम्ही सहज पडताळून पाहिला. मेणाची घनता पाण्याहून किंचित कमी, रौप्याची १०.५, म्हणजे अकरापट धातू पोकळी भरण्यास लागेल आणि बारापटीत थोडा शिल्लक राहील. अगदी शुद्ध सुवर्णाला वीसपट लागले असते; परंतु तीन चतुर्थांश सुवर्णाच्या मिश्रधातूची घनता साधारण १५ ते १६ असते, तेव्हा सोळापट हा आकडा मिश्रित सुवर्णाशी जुळतो. आजचा दंततंत्रज्ञही मेणाची प्रतिकृती तराजूत घालून तिचे वजन मिश्रधातूच्या घनतेने गुणतो आणि तितका धातू, अधिक थोडा राखीव, मुशीत टाकतो.

दंतकार्यात ही पद्धती रूढ करण्याचे श्रेय शिकागोचे डॉ. विल्यम टॅगर्ट यांना दिले जाते. १९०७ साली त्यांनी न्यूयॉर्क येथे तिचे निवेदन केले. त्यांनी एकस्वही घेतले होते. परंतु आयोवा राज्यातील फिलब्रुक या दंतवैद्याने १८९७ सालीच असे ओतकाम प्रसिद्धपणे मांडले होते, हे निदर्शनास आल्यावर ते एकस्व टिकले नाही.

ही क्रिया प्रत्यक्ष पाहावी म्हणून आम्ही पुण्यातील एका दंतप्रयोगशाळेत दोन दिवस बसलो. दंतचिकित्सकाने पाठविलेल्या ठशात कठीण जिप्सम ओतून दाताची प्रतिकृती केलेली असते. त्या प्रतिकृतीवर तंत्रज्ञ मेणाचा थेंब थेंब सोडीत कॅप घडवितो. हे मेण केवळ मधमाश्यांचे नसते. पॅराफिन, कार्नोबा नावाचे वनस्पतिज मेण आणि डामर राळ यांच्या मिश्रणाने त्याला काठिण्य आणि कोरता येण्याजोगा गुण दिलेला असतो. कडेचे काम सर्वांत नाजूक. नंतर प्रतिकृतीच्या सर्वांत जाड भागास मेणाची काडी लावतात. तीच पुढे धातूची वाट होते. काडी जाड भागासच का लावावयाची, असे विचारता त्या तंत्रज्ञाने दिलेले उत्तर आम्हांस फार आवडले. “साहेब, कॅप आधी गोठली पाहिजे, काडी शेवटी. काडी आधी गोठली तर कॅपला भूक लागते आणि तिच्या पोटात खड्डा पडतो.” गोठताना आकुंचन पावणाऱ्या धातूला शेवटपर्यंत रस पुरविणारा साठा हवा, हा सिद्धांत याहून सोप्या भाषेत सांगता येणार नाही.

मेणाची प्रतिकृती पोलादी कड्यात उभी करून तिच्याभोवती जो लेप ओततात, त्याला तेथे ‘इन्व्हेस्टमेंट’ असेच म्हणतात. आपल्या परिभाषेत ती मूषेची मृत्तिका होय. सुवर्णमिश्रणासाठी तो लेप प्लास्टर व सिलिका यांचा असतो. निकेल-क्रोमियम वा कोबाल्ट-क्रोमियमसाठी मॅग्नेशियम ऑक्साइड, अमोनियम फॉस्फेट व सिलिका यांचा. भेद अग्निसहत्वाचा आहे. प्लास्टरचा लेप ७०० अंश सेल्सियसच्या पुढे नेला, तर त्यातून गंधकाचे वायू सुटून सुवर्ण ठिसूळ व काळे होते. फॉस्फेटचा लेप ९०० अंशांपर्यंत सहज जातो. रसरत्नसमुच्चयाच्या दहाव्या अध्यायात मूषांचे जे विविध प्रकार सांगितले आहेत, त्यांत मातीमध्ये शण, घोड्याची लीद, दग्ध तुष अशी द्रव्ये घालण्याचा निर्देश येतो. ही द्रव्ये जळून मूषेत सूक्ष्म छिद्रे राहतात आणि ती तडकत नाही. दंतमूषेसही छिद्रे आवश्यकच आहेत, कारण धातू आत शिरताना पोकळीतली हवा कोठून तरी बाहेर पडली पाहिजे. ती न पडली तर कॅपेची कड अपुरी भरते.

परंतु दंतकार्याची खरी कसोटी पुढे आहे आणि मूर्तिकाराला ती फारशी नसते. मूर्तीचे नाक केसभर लहान झाले तर बिघडत नाही. सुवर्णमिश्रण मात्र गोठून थंड होताना लांबीत सुमारे दीड टक्का आकुंचन पावते, हीन मिश्रधातू दोन टक्क्यांहून अधिक. दहा मिलिमीटर रुंदीच्या दाढेवर दीड टक्का म्हणजे दीडशे मायक्रॉन. तेवढे आकुंचन तसेच राहिले तर कॅप दाढेवर बसणार नाही, किंवा कडेस अशी फट राहील की तीत अन्न साचून कृमिदंत पुन्हा उत्पन्न होईल. यावर उपाय म्हणून मूषाच तेवढ्या प्रमाणात वाढविली जाते. लेप गोठताना काही वाढतो, आणि तापविताना सिलिकेतील स्फटिकांची रचना बदलून तो आणखी वाढतो. क्वार्ट्झमध्ये हा बदल ५७३ अंशांस होतो, क्रिस्टोबेलाइटमध्ये सुमारे २०० ते २७० अंशांच्या दरम्यान. म्हणून भट्टी घाईने तापविता येत नाही. लेप कालविताना पाण्याचे प्रमाण थोडे चुकले, तरी वाढ कमी-अधिक होते आणि कॅप घट्ट किंवा सैल होते. आपल्याकडे पुटाचे प्रमाण न पाळता भस्म करणाऱ्यास जे फळ मिळते, तेच येथेही मिळते.

कडे भट्टीत उपडे ठेवून मेण वितळू व जळू देतात. इकडे मुशीत धातू वितळू लागतो. सुवर्णास वायूची साधी ज्वाला पुरते. निकेल-क्रोमियमला प्राणवायूची प्रखर ज्वाला किंवा विद्युत्प्रेरणेची भट्टी लागते. ज्वालेचा मधला निळा भागच धातूवर धरावयाचा, टोक नव्हे. टोकाशी प्राणवायू अधिक आणि धातूवर जंग चढतो. सुवर्णावर मध्येच चिमूटभर टंकण टाकले गेले, तेव्हा आम्ही जवळजवळ उठून उभे राहिलो. टंकणाने धातूवरील मल वितळून वर येतो आणि रस निर्मळ होतो. द्रावक वर्गातील ज्या द्रव्याची सत्त्वपातनात आपण योजना करतो, तेच हे! रस आरशासारखा चकाकू लागला आणि ज्वाला हलविली की तोही हलू लागला, की ओतण्याची वेळ झाली. तोळाभर धातू आपल्या भाराने त्या सुईच्या छिद्राएवढ्या वाटेतून आत जात नाही. पृष्ठताणामुळे तो थेंबासारखा वरच बसून राहतो. म्हणून ओतारी जसा कलंडून ओततो तसे न करता येथे स्प्रिंग भरलेला हात सोडून कडे गरगर फिरवितात आणि केंद्रापासून दूर फेकणाऱ्या बलाने धातू पोकळीत शिरतो. सारे काही एका क्षणात संपते.

सुवर्णाचे कडे लाली जाताच पाण्यात बुडवितात. त्यामुळे धातू मृदू राहतो व घासून नीट करता येतो. नंतर २०० ते ४५० अंशांच्या दरम्यान योग्य काळ ठेवून त्याला काठिण्य आणतात. निर्वापाचा हा हिशेब हीन मिश्रधातूंना मात्र लागू नाही. ते हवेतच थंड होऊ देतात. टायटॅनियमचे प्रकरण आणखीच निराळे. १,६६८ अंशांस वितळणारा हा धातू तापला की प्राणवायू व मूषेतील सिलिका दोन्ही भक्षण करतो, म्हणून तो आर्गॉन वायूच्या बंद कक्षात, विशेष मूषेत ओतावा लागतो. आज टायटॅनियमचे पुष्कळसे काम ओतण्याऐवजी यंत्राने कोरून, आणि कोबाल्ट-क्रोमियमचेही आता पुष्कळदा लेसरने चूर्ण जोडून केले जाते. तरीही लहान शहरांतील प्रयोगशाळांत मेण आणि भट्टी अजून कायम आहेत.

हीन मिश्रधातू का आले, आणि त्यांचा उपद्रव

१९७१ साली अमेरिकेने डॉलरचे सुवर्णाशी असलेले नाते तोडले. औंसाला ३५ डॉलर हा जुना निश्चित दर मागे पडला आणि सुवर्णाची किंमत मोकळी होऊन झपाट्याने वाढली. दंतप्रयोगशाळा निकेल-क्रोमियमकडे वळल्या त्या यानंतर. धातू स्वस्त, सुवर्णाहून कठीण, पातळ असूनही न वाकणारा, आणि सिरॅमिक चांगले धरून ठेवणारा; गुण पुष्कळ आहेत. दोष दोन आहेत. निकेल हे त्वचेच्या स्पर्शजन्य असात्म्यतेचे अतिशय सामान्य कारण आहे, आणि काही मिश्रणांत ओतकाम सुलभ व्हावे म्हणून बेरिलियम घातले जात असे. बेरिलियम अतिशय हलका धातू असल्याने वजनाने १.८ टक्के हा आकडा भ्रामक आहे. अणूंच्या संख्येने ते दहा टक्क्यांहून अधिक होते. त्याची बाष्पे व घासताना उडणारी धूळ फुप्फुसांना घातक आहे. दंतमिश्रधातूंच्या आंतरराष्ट्रीय मानकात आज बेरिलियम व कॅडमियम यांची मर्यादा ०.०२ टक्के आहे आणि निकेल ०.१ टक्क्यांहून अधिक असेल तर ते वेष्टनावर लिहावे लागते. आम्ही पाहिलेल्या त्या प्रयोगशाळेत वेष्टन कचऱ्याच्या पेटीत होते आणि घासणारा मुलगा तोंडावर रुमाल बांधून बसला होता. सिलिकेची धूळही तेथे होतीच. अशा ठिकाणी काम करणारा जीर्ण कासाचा रुग्ण आपल्याकडे आला, तर त्याचा व्यवसाय विचारल्यावाचून सितोपलादी देऊ नये.

निकेलविषयी एक रुग्णवृत्त. वय ३८ वर्षे, गृहिणी, पित्तप्रधान प्रकृती. वरच्या पुढील दातावर कॅप बसविल्यानंतर काही महिन्यांनी त्याच दाताच्या हिरडीस लाली, दाह व स्पर्शासहत्व. अन्यत्र वर्षभर पित्तज मुखरोग समजून चिकित्सा झाली; प्रत्येक वेळी उपशय, औषध थांबविताच पुनरुद्भव. आम्ही प्रश्न विचारता, बाजारातील स्वस्त कर्णभूषणे घातली की कानास कंडू व स्राव होतो, आणि विजारीच्या धातूच्या बटणाखाली नाभीजवळ चट्टा उठतो, असे तिने सांगितले. त्वचारोगतज्ज्ञांकडून पट्टीपरीक्षा करून घेतली. निकेलची प्रतिक्रिया स्पष्ट आली. दंतचिकित्सकाने कॅप काढून झिरकोनियाची बसविली. त्यानंतर त्रिफळा-यष्टीमधूच्या क्वाथाचे गंडूष व पथ्य एवढ्यावर हिरडी दोन महिन्यांत प्रकृतिस्थ झाली.

एका रुग्णवृत्तावरून नियम काढू नये, हे आम्ही जाणतो. त्वचेवर निकेल न सोसणाऱ्या पुष्कळ व्यक्ती मुखात निकेलची कॅप निर्वेध बाळगतात, कारण मुखातील श्लेष्मल त्वचा लाळेने सतत धुतली जाते आणि प्रतिक्रियेस तेथे अधिक मात्रा लागते. सर्वच हिरड्यांची लाली निकेलची नसते. कॅपेची कड हिरडीत खोल गेलेली असणे किंवा फटीत मल साचणे ही कारणे अधिक सामान्य आहेत. लक्षण धातूच्या सान्निध्यातच मर्यादित आहे काय, ते धातू बसविल्यानंतर आरंभ झाले काय, आणि अन्यत्र त्वचेवर असात्म्यतेचा इतिहास आहे काय, या तीन प्रश्नांची उत्तरे होकारार्थी आली तरच पट्टीपरीक्षेचा विचार करावा. पारदपूरणाच्या अगदी शेजारी गालाच्या आतील बाजूस पांढऱ्या रेषांचे जाळे दिसले तर तेही दंतचिकित्सकास दाखवावे. दोन भिन्न धातू, उदाहरणार्थ सुवर्णाची कॅप व समोरची नवी चांदी, एकमेकांस टेकली असता लाळेच्या माध्यमातून सूक्ष्म विद्युत्प्रवाह निर्माण होऊन झिणझिणी व धातूसारखी चव येते. तिला आम्लपित्त समजण्याची गफलत संभवते.

औषधालयासाठी

मंजन तयार करणाऱ्यांनी दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. गैरिक, शंख, कोळसा किंवा सैंधव यांचे भरड चूर्ण दंतकवचाप्रमाणेच कॅपेची झिलई आणि तिच्या कडेचे सिमेंटही घासते; धातू खरखरीत झाला की मल त्यावर अधिक साचतो. म्हणून वस्त्रगाळ या शब्दाचा अर्थ शब्दशः घ्यावा. दुसरे, गंधकाशी रौप्याचे वैर आपणांस ठाऊक आहे. पारदपूरण आणि रौप्य-पॅलेडियमची कॅप गंधकाच्या संपर्काने काळवंडतात. हा वर्णबदल पृष्ठभागाचा असतो, विषाचा नव्हे, एवढे गिऱ्हाइकास समजावून सांगावे. ज्यांच्या जबड्यात टायटॅनियमचे रोपण आहे, त्यांनी आम्लयुक्त फ्लोराइडचे लेप दंतचिकित्सकास विचारल्याविना वापरू नयेत, कारण आम्ल आणि फ्लोराइड एकत्र आल्यास टायटॅनियमवरील संरक्षक थर विरघळतो.

शेवटचा मुद्दा आम्ही मुद्दाम राखून ठेवला होता. मृत व्यक्तीच्या किंवा बदललेल्या कॅपेचे सोने घेऊन “याचेच सुवर्णभस्म करून द्या” अशी मागणी काही घरांतून येते. भावना समजण्याजोगी आहे. काही सोनारही असे सोने आटवून स्वस्तात देऊ करतात. ते घेऊ नये. त्यातील रौप्य व ताम्र यांची व्यवस्था शोधनात होईल असे मानले, तरी पॅलेडियम, प्लॅटिनम, आणि सिरॅमिक धरण्यासाठी मुद्दाम घातलेले इंडियम व वंग यांचा विचार आपल्या कोणत्याही ग्रंथातील सुवर्णशोधनात केलेला नाही. पिवळी दिसणारी प्रत्येक कॅप सुवर्णाची असतेच असेही नाही. २००४ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदीय कल्पांपैकी १४ कल्पांत नाग, पारद वा सोमल आढळल्याचे प्रसिद्ध झाले, तेव्हापासून कच्च्या मालाच्या दाखल्याविना धातुकल्प करणे परवडणारे नाही. नातेवाइकांना ते सोने शुद्धीकरणशाळेत देऊन त्याचा दाखला घेण्यास सांगावे, आणि भस्मासाठी ९९.९ टक्के शुद्धतेचे प्रमाणित सुवर्ण स्वतंत्र विकत घ्यावे.